वर्षातून दोनदाच लागणारी चेनसॉ ऐन वेळी सुरू का होत नाही?

तुम्ही पत्रात विचारलंय, चेनसॉ (झाडं कापायची साखळीची करवत) आणि ग्रास कटर ऐन वेळी सुरू का होत नाहीत, आणि त्यापेक्षा बॅटरीवरची सॉ घ्यावी का. तुमचं घर दापोलीकडे, राहणं पुण्यात. चेनसॉ आणि ग्रास कटर मे महिन्यात आणि गणपतीत तेवढे बाहेर निघतात, दोरी ओढून खांदा जातो आणि कार्ब्युरेटर साफ करून घेतला तरी पुढच्या खेपेला तेच. माझ्या मते खोट यंत्रात नाही, टाकीत ठेवून दिलेल्या पेट्रोलात आहे.

हल्ली पंपावर बहुतेक ठिकाणी ई२० मिळतं, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल. ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि कोकणातल्या पावसाळ्यात ओलाव्याला काय तोटा! पाणी फार झालं की ते इथेनॉलला घेऊन पेट्रोलपासून वेगळं होतं आणि तळाशी बसतं. टाकीतला फिल्टरही तळाशीच लोळत असतो. टू-टी ऑइल, म्हणजे या टू-स्ट्रोक इंजिनांच्या वंगणासाठी पेट्रोलातच मिसळायचं ऑइल, मात्र वरच्या पेट्रोलात राहतं. असं इंजिन सुरू झालंच तर ऑइलविना चालून पिस्टन धरायची, म्हणजे सिलिंडरात अडकून बसायची, भीती. त्यापेक्षा सुरू न झालेलं बरं. पाणी नसलं तरी जुन्या पेट्रोलातला हलका भाग उडून जातो आणि उरलेला चिकट थर कार्ब्युरेटरमधल्या जेटच्या बारीक भोकात बसतो. म्हणून साफसफाई करूनही फरक पडत नाही: तुम्ही ती करता आणि पुन्हा भरल्या टाकीने यंत्र माळ्यावर टाकता.

तेव्हा पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी टाकी डब्यात ओतून रिकामी करा. प्रायमरचा बल्ब (पेट्रोल वर ओढायचा रबरी फुगा) असेल तर तो दाबत राहा, नळीतलं पेट्रोल टाकीत परत येईल, तेही ओता. मग इंजिन सुरू करून आपोआप बंद पडेपर्यंत मंद चालू द्या. रेस करू नका, शेवटी शेवटी हवेच्या मानाने पेट्रोल-ऑइल फार कमी पडतं. कोरडं ठेवलं की कार्ब्युरेटरमधले डायफ्राम (लवचिक पातळ पडदे) कडक होतात असं काही मेकॅनिक सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पण डायफ्रामचं किट बदलता येतं, धरलेल्या पिस्टनचा खर्च वेगळाच.

पेट्रोल-ऑइलचं मिश्रण त्या दिवशी लागेल तेवढंच करा, आणि टाकीत नाही, वेगळ्या डब्यात. ५०:१ म्हणजे लिटरला २० मिली ऑइल, २५:१ म्हणजे ४० मिली. प्रमाण किती आणि इथेनॉल किती चालतं, दोन्ही मॅन्युअलात असतं. अनेक जुन्या यंत्रांना १० टक्क्यांपर्यंतच मुभा आहे.

पाण्याचा पंप किंवा जनरेटर फोर-स्ट्रोक असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून त्यालाही बंद पडेपर्यंत चालवा आणि कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू सोडून उरलेलं काढा. नंतर दोरी जड लागेपर्यंत हळू ओढून तिथेच थांबा. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह मिटलेले असतात, दमट हवा सिलिंडरात शिरत नाही.

चेनसॉची साखळी काम संपल्यावर सैल करा. तापलेली साखळी थंड होताना आखडते. बारला (साखळी जिच्याभोवती फिरते ती पट्टी) जळकं ऑइल घालायची आपल्याकडे सर्रास सवय आहे, पण त्यातला धातूचा चुरा बार आणि ऑइलचा पंप दोन्ही खातो. सायलेन्सरच्या तोंडाला फडकं बांधा, नाहीतर कुंभारीण माशी आत मातीचं घर करते. फडकं लाल घ्या, म्हणजे काढायचं विसरणार नाही.

बॅटरीवरची सॉ घ्यावी का, असंही विचारलंय. फांद्या छाटण्यापुरती खुशाल घ्या, पेट्रोलची कटकट नाही. मात्र ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर तुमच्याच भागात नारळ-पोफळी आडव्या झाल्या होत्या आणि कित्येक गावांत आठवडे आठवडे वीज नव्हती. तेव्हा पेट्रोलची सॉ विकू नका.

या खेपेला गेलात की आधी जुनं पेट्रोल ओता, नवा प्लग लावा, ताजं मिश्रण भरा. चोक लावून ओढताना एकदा फट् आवाज आला की चोक काढा. तसाच ओढत राहिलात तर प्लग भिजतो. भिजलाच तर प्लग काढून पुसा, स्विच बंद ठेवून पाच-सहा वेळा रिकामी दोरी ओढा, मग पुन्हा लावा. एवढं करूनही दाद दिली नाही, तरच मेकॅनिककडे न्या आणि नुसती सफाई नको, डायफ्रामचं किट आणि पेट्रोलची नळी बदला म्हणून सांगा.