कोब्यावर चिकटवलेली जुनी प्लास्टिक मॅट आणि खालचा गोंद कसा काढावा? ग्राइंडर भाड्यानं आणावा का?

सासरे म्हणतात ‘काढता कशाला, वरूनच टाइल्स बसवा’, असं तुम्ही लिहिलंय. ते वाचून राहवलं नाही. परभणीला आमच्या घरी थोरल्या भावाचं वाक्य अगदी हेच होतं.

बैठकीतली मॅट आम्ही फाडून काढली, पण खालचा पिवळा रबरी गोंद तसाच राहिला. मिस्त्री म्हणाला, “मालक, हे चिकट सगळं खरडा, मंग माल धरतो.” दादानं दोन दिवसांची मजुरी वाचवली आणि गोंदावरच माल, म्हणजे सिमेंट-वाळूचं मिश्रण, टाकून टाइल्स बसवून घेतल्या. पावसाळ्यात पायाखाली बद्द वाजायला लागलं. दिवाळीपर्यंत दारातल्या चार टाइल्स नुसत्या हातानं उचलता यायच्या. त्यातल्या एकीला अडखळून आई पडली, मनगट मोडलं.

दादा आजही पाहुण्यांना सांगतो की काळी माती फुगली. माती फुगली असती तर भिंतींना तडे गेले असते, दारं अडकली असती, कोबा फुटला असता. आमचा कोबा अखंड होता. टाइलखालचा माल दगडासारखा कडक, आणि त्याच्या पाठीला पिवळा गोंद सोलून आलेला. सिमेंट कोब्याच्या छिद्रांत मुरतं तेव्हाच धरतं, ती छिद्रंच गोंदानं बुजलेली होती.

मग मी सुट्टी टाकून सगळं खरडलं. हीट गननं (गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं) वीतभर जागा तापवायची, गोंद मऊ पडला की खुरपं आडवं धरून ओढायचं. कोपऱ्यांत उकळतं पाणी ओतून थोडं थांबायचं. मॅट निघत नसेल तर आधी कटरनं पट्ट्या पाडा. ॲसिड ओतू नका, ते सिमेंट खातं आणि गोंद तसाच ठेवतं. थिनरनं गोंद विरघळून छिद्रांत आणखी खोल जातो, शिवाय बंद खोलीत त्याची वाफ पेट घेते. रॉकेलचा तेलकट थर राहतो, त्यावरही माल धरत नाही.

ग्राइंडर शेवटी, खरडून उरलेल्या पातळ थरापुरता. जाड गोंदावर चालवला की तो घासून वितळतो आणि डायमंड कपात, म्हणजे ग्राइंडरच्या घासायच्या चाकात, भरून बसतो. धूळ फार उडते, साधा रुमाल पुरत नाही, चांगला मास्क लावा. नंतर पाणी शिंपडा. कोब्यात मुरलं तर साफ झालं, थेंब तसेच उभे राहिले तर गोंद आहे. मग कोब्याला छिन्नीनं टाचे मारून, म्हणजे तो खडबडीत करून, टाइल्स बसवा.

एक राहिलं. मॅटऐवजी जुन्या कडक चौकोनी प्लास्टिक टाइल्स असतील आणि खाली डांबरासारखा काळा गोंद असेल, तर ग्राइंडर लावूच नका. दोन्हींत ॲस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसांना घातक. तपासून घेतल्याशिवाय खरडूही नका.

सासऱ्यांना पाण्याचे थेंब दाखवा. त्यानंही पटलं नाही तर सांगा, फोटो पाठवतो. पाठीला पिवळा गोंद असलेली ती टाइल मी जिन्याखाली ठेवलीय, दादानं अजून ती उलटून पाहिलेली नाही.