संस्थेचा अध्यक्ष कोण असावा? (बिलियरी अट्रेशिया, नाशिक): माझं जरा लांबलेलं उत्तर

ताई, प्रश्न वाचला, आणि खाली आलेली उत्तरंपण वाचली. जे आत्ताच आलेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ताईंच्या मुलीला बिलियरी अट्रेशिया होता, म्हणजे तान्ह्या बाळाच्या पित्तनलिका बंद होत जातात, पित्त आतच साठतं आणि लिव्हर खराब होत जातं. कासाई ऑपरेशन झालं, म्हणजे बंद नलिका काढून आतडं थेट लिव्हरला जोडतात, पित्ताला वाट मिळावी म्हणून. पुढे ताईंनीच लिव्हरचा तुकडा दिला, आता पोरगी शाळेत जाते. नाशिकमधली अशी काही कुटुंबं मिळून संस्था काढताहेत आणि गाडी अध्यक्षावर अडलीये. दीर म्हणतात सर्जन साहेबांना करा, वजन येईल. बाकीचे म्हणतात माजी नगरसेवकांना करा, ओळखी आहेत.

माझं मत विचाराल तर दोघंही नकोत. अध्यक्ष, सचिव, खजिनदार तिघंही पालक पाहिजेत, किंवा मोठा झालेला पेशंट. मी अशाच एका छोट्या ट्रस्टचे हिशोब बरीच वर्षं बघतोय, माझाही मुलगा याच आजाराचा, त्यामुळे हे पुस्तकी बोलत नाहीये.

डॉक्टरांबद्दल राग नाही हो, त्यांच्यामुळेच आपली पोरं आहेत. पण सर्जन अध्यक्ष झाले की संस्था हळूहळू त्यांच्या हॉस्पिटलची होते. शिबिर त्यांच्याकडे, बॅनरवर नाव त्यांचं, आणि मग सटाण्याहून फोन आलेल्या बापाला दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या असं सांगायला कुणाची जीभ रेटत नाही. एका ठिकाणी मी हे जवळून पाहिलंय, नाव घेत नाही, तिथे ट्रान्सप्लांटचं एस्टिमेट जास्त वाटतंय असं एका आईने ग्रुपवर लिहिलं तर अॅडमिनने मेसेज उडवला. डॉक्टरांसाठी वेगळी सल्लागार समिती करा, त्यात दोन-तीन वेगवेगळ्या हॉस्पिटलांचे डॉक्टर घ्या, शक्य झालं तर एक मुंबईचे, कारण शेवटी पंचवटी एक्स्प्रेस पकडून परळ-दादर गाठायचं कुणालाच चुकत नाही. त्यांच्याकडून माहितीपत्रकं तपासून घ्या, शंका विचारा. मतदानाचा हक्क मात्र समितीला नको.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. लिव्हरच्याच दुसऱ्या दुर्मीळ आजारांच्या संस्था बघा. पीएससी म्हणून पित्तनलिका आकसत जाण्याचा एक आजार आहे, बहुतेक मोठ्या माणसांना होतो. अमेरिकेत रिकी सेफर या बाईंना 2004 मध्ये तो निघाला आणि 2005 मध्ये त्यांनी पीएससी पार्टनर्स सीकिंग अ क्युअर ही संस्था काढली. स्वतः पेशंट, स्वतःच प्रमुख, आणि डॉक्टर-संशोधकांची समिती वेगळी. पेशंट एकत्र आले म्हणून त्यांची रजिस्ट्री, म्हणजे पेशंटांची एकत्र नोंदवही, झाली, नाहीतर एवढ्या विरळ आजारात संशोधकाला एका जागी पेशंट सापडणार कुठून? एडिंबराच्या कोलेट थेन यांचं तसंच, पीबीसी, म्हणजे लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांचा आजार, स्वतःला झाला होता, 1996 मध्ये पीबीसी फाउंडेशन सुरू केलं. आपल्याकडे बंगळुरूचे प्रसन्न शिरोळ, मुलीला पाँपे आजार, म्हणजे स्नायू कमजोर करणारा एक आनुवंशिक आजार, त्यातून दुर्मीळ आजारांसाठी ओआरडीआय ही संस्था उभी राहिली. तो लिव्हरचा आजार नाही पण तुमच्या उपयोगाचा माणूस म्हणून सांगितलं. यातलं कुणीही आधी पुढारी नव्हतं.

नगरसेवकांचं काय ते एका ओळीत: उद्घाटनाला बोलवा, शाल-श्रीफळ द्या, चहा पाजा, सहीचा अधिकार देऊ नका.

आता खरा अवघड भाग, ज्यावर खाली कुणीच बोललं नाहीये. पालक पाहिजे ठीक, पण कुठला पालक? आपल्यात तीन तऱ्हेचे लोक असतात. एक, ज्यांचं बाळ आत्ता मधल्या अवस्थेत आहे, कासाई झालीये, कावीळ उतरते की नाही कळत नाहीये, मधूनच ताप येतो की लगेच पित्तनलिकेचं इन्फेक्शन म्हणून अॅडमिट. यांचा उत्साह सगळ्यात जास्त असतो आणि पदं यांच्याच गळ्यात पडतात. पण ट्रान्सप्लांट ठरलं की हे लोक गायब होणार, आणि व्हायलाच पाहिजे. एक जण डोनर म्हणून टेबलवर, दुसरा बाळापाशी, घरी मोठं पोर आजीकडे, अशात कोण मीटिंग घेईल? दुसरे तुमच्यासारखे, ज्यांचं ट्रान्सप्लांट होऊन दोन-तीन वर्षं झालीत, औषधाच्या वेळा अंगवळणी पडल्यात, रात्री झोप लागते. नव्या आईचा पहिला फोन यांनीच घ्यावा. तिला आकडे नको असतात, तिला ऐकायचं असतं की समोरच्या बाईचं पोर आत्ता मागे टीव्हीचा आवाज वाढवून बसलंय.

आणि तिसरे, ज्यांचं बाळ गेलं. यांच्याशी लोक फार वाईट वागतात, आणि वाईट हेतूने नाही, अवघडल्यामुळे. ग्रुपमधून ते आपोआप बाहेर पडतात, कुणी थांबवत नाही. मला विचाराल तर चांगल्यात चांगलं काम करणारे लोक मी यांच्यातच पाहिलेत, कारण त्यांना स्वतःसाठी आता काही मिळवायचं नसतं. त्यांना पहिला फोन घ्यायला लावू नका, ते दोन्ही बाजूंना जड जातं. पण सचिव करा, सरकारी दवाखान्यात आणि कलेक्टर ऑफिसला तेच जाऊ देत. त्यांना आधी विचारा मात्र, परस्पर ठरवू नका. आणि "तुम्हाला त्रास होईल" असं म्हणून परस्पर वगळूही नका.

आणखी एक, जरा टोचेल. अध्यक्षपदाच्या यादीत चार भाऊ आणि एक काका आहेत असं तुम्ही लिहिलंय, आणि रात्री अकरा वाजता फोन कोण उचलतं? तुम्ही आणि सिडकोच्या त्या दुसऱ्या ताई. मग लेटरहेडवर नावंही तुमचीच पाहिजेत ना.

बदलीची सोय पहिल्याच दिवशी करा. घटनेत लिहा की प्रत्येक पदाला एक उप, बँकेत तिघांपैकी कुठल्याही दोघांच्या सह्या, आणि पदाधिकाऱ्याचं मूल अॅडमिट असेल तर सहा महिने रजा, राजीनामा नाही. सोसायटी म्हणून करणार असाल तर 1860 च्या कायद्याखाली निदान सात सभासद लागतात, आणि 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखालीही नोंद होते, दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातच. विश्वस्त बदलला की 90 दिवसांत चेंज रिपोर्ट टाकायचा. हा न टाकल्यामुळे कागदावर अजून जुनेच विश्वस्त असलेल्या किती संस्था असतील, देव जाणे. ऑडिट दरवर्षी.

पैशाचं: कुठल्याही कुटुंबाची क्राउडफंडिंगची रक्कम संस्थेच्या खात्यातून फिरवू नका, थेट हॉस्पिटलच्या खात्यात जाऊ दे. हॉस्पिटलने कार्यक्रम स्पॉन्सर केला तर तसं उघड लिहा. आणि खजिनदाराला त्याच 1950 च्या कायद्यातली कलम 41 एए ची स्कीम पाठ पाहिजे: धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. काउंटरवर हे कुणी आपणहून सांगत नाही. कागद घेऊन शांतपणे उभा राहणारा माणूस बघा, आरडाओरडा करणारा नको.

बरं, हे सगळं कशासाठी, तर कासाई 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहायला लागण्याची शक्यता जास्त असते म्हणून. पुढे बऱ्याच मुलांना ट्रान्सप्लांट लागतं ते लागतंच, पण वेळ मिळतो, मूल वाढतं. आणि आपल्याकडे हे दिवस कशात जातात? "सगळ्याच बाळांना होते कावीळ, कोवळ्या उन्हात धरा." मग गळ्यात माळ घालणारा, मग कुणीतरी चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी दाखवणारा. बाळाची शी पांढरट, मातकट होतेय आणि लघवीने लंगोट पिवळा होतोय हे आईला दिसत असतं, पण हे सांगायची गोष्ट आहे हेच तिला कुणी बोललेलं नसतं. तैवानने शीच्या रंगाचं कार्ड 2004 पासून देशभर आयांच्या हातात दिलं आणि तिथे ऑपरेशनं लवकर व्हायला लागली. आपल्याकडे आशाताई तशाही बाळंतिणीच्या घरी 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जातात. म्हणजे नेमके जे दिवस पाहिजेत त्याच दिवशी बाई दारात उभी असते! चौदा दिवसांवर कावीळ टिकली तर डायरेक्ट बिलिरुबिन (पित्त अडलंय का ते सांगणारी रक्ताची तपासणी) तपासा, आणि शीचा रंग विचारा, एवढं दोन वाक्यांचं काम आहे. पेठ-सुरगाण्याच्या पीएचसीत आशांच्या मासिक मीटिंगला जाऊन, आपली पाळी येईस्तोवर तास-दीड तास बाकावर बसून, हे सांगणारा माणूस तुमच्यात कोण आहे? म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठातही विचारून बघा, विद्यार्थी मिळाले तर कार्डं वाटायला मदत होईल, पण त्यांच्यासोबत एक पालक गेलाच पाहिजे.

दिरांना काय सांगायचं हा तुमचा शेवटचा प्रश्न. त्यांना सांगा की सर्जन साहेबांना सल्लागार समितीत घेतोय आणि पहिली मीटिंग त्यांच्याच सोयीच्या वेळेला ठेवतोय. बहुतेक डॉक्टरांना सुटल्यासारखंच वाटतं, त्यांना कुठे चेंज रिपोर्ट भरायला वेळ आहे. पोरांचे फोटो मात्र बॅनरवर टाकू नका, पालकांनी लेखी दिलं तरी, उद्या ती दहावीत जातील. घटनेचा मसुदा झाला की इथे टाका, नावं-पत्ते काढून, मी कलमं बघून सांगतो, रविवारी दुपारनंतर मोकळा असतो.