एमबीबीएसनंतर बालपोषणात संशोधन करायचं तर रुग्ण तपासणं सोडावं लागतं का?

अजिबात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम बघा. ते मधुमेहाचे डॉक्टर. आपल्याकडे तरुण वयात, अंगाने बारीक माणसांनाही मधुमेह का होतो, हा प्रश्न त्यांना ओपीडीतच पडला आणि उत्तर शोधत ते थेट गर्भापर्यंत पोचले.

१९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास झाला. बाळांचं सरासरी वजन होतं २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. पण खांद्याच्या पात्याखाली कातडीची चिमूट धरून कॅलिपरने (जाडी मोजायच्या चिमट्याने) मोजली, तर चरबी वजनाच्या मानाने फारच थोडी कमी! हातपाय काडीसारखे, चरबी मात्र शाबूत. मला हे आजही थक्क करतं. ज्या आया दूध, फळं, पालेभाज्या जास्त खात, त्यांची बाळं अंगाने मोठी होती. बहुतेकींच्या शरीरात बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. पुढे हीच मुलं वयात आल्यावर त्यांना गर्भधारणेआधीच बी-१२ देऊन बघण्याचा प्रयोगही झाला.

म्हणून आधी एखाद्या दीर्घकालीन अभ्यासात काम मिळवा, गावात जाऊन वजनं-मापं स्वतः घ्या. एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातली पदव्युत्तर पदवी) किंवा पीएसएममधलं, म्हणजे रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्रातलं, एमडी त्यानंतर ठरवलं तरी चालेल.