बारावा अध्याय पाठ करायला घेतलेल्या नवशिक्यांसाठी

गीतेचा बारावा अध्याय आपण निवडलात हे उत्तम झाले. त्यात 20 श्लोक आहेत आणि सगळे अनुष्टुभ छंदात, म्हणजे प्रत्येक चरणात आठ अक्षरे, त्यामुळे एखादे अक्षर गळले की कानालाच ते खटकते. मात्र मराठी कविता पाठ करण्याची सवय इथे जशीच्या तशी लावू नका. मातृभाषेत अर्थ चटकन हाती लागतो आणि नेमके शब्द मागे पडतात. जॅकलिन सॅक्स यांच्या 1967 मधल्या इंग्रजी उताऱ्यांवरील प्रयोगात, थोडा पुढचा मजकूर कानी पडताच श्रोत्यांना वाक्यरचनेतला बदल ओळखता येईना, अर्थातला बदल मात्र कळे. संस्कृतात आपली अडचण उलटी असते: अर्थाचा आधार तोकडा असल्याने सारख्या ओळी एकमेकींत मिसळतात.

नवशिक्यांची गाडी हमखास अडते ती शेवटच्या आठ श्लोकांत. चौदाव्याचा आणि सोळाव्याचा शेवट ‘यो मद्भक्तः स मे प्रियः’ असाच आहे, सतराव्याचा ‘भक्तिमान्यः स मे प्रियः’. मग चौदाव्यावरून थेट सतराव्यावर उडी पडते. म्हणून शेवट घोकण्याऐवजी प्रत्येक श्लोकाची सुरुवात क्रमाने म्हणा आणि अन्वय, म्हणजे श्लोकातल्या शब्दांचा गद्यासारखा सरळ क्रम, एकदा नीट समजून घ्या. सुरुवातीला रोज दोनच श्लोक पुरेत, पण ते पुस्तक मिटून म्हणा. उघड्या पानावरून शंभरदा वाचून पाठ झाल्याचा नुसता भास होतो. संधिनियम आणि छंदशास्त्र सध्या बाजूला राहू द्या.