पावसाळ्यात सातेरीच्या (पेटीत पाळल्या जाणाऱ्या देशी मधमाशीच्या) पेट्यांना साखरेचा पाक कधी आणि किती द्यावा?

जून ते सप्टेंबर हा आपल्या सह्याद्रीतल्या माश्यांचा खरा दुष्काळ. बाहेर हिरवंगार दिसतं, पण मकरंद नसतो आणि संततधारेत माशी बाहेरही पडत नाही. कारवी (काही वर्षांनी एकदाच फुलणारं झुडूप) फुललेलं वर्ष असेल तर गोष्ट वेगळी.

आधी पेटी मागून उचलून बघा. हलकी लागली तर एका उघडिपीला झाकण काढा. चौकटीच्या वरच्या कडेला मधाची पट्टी दिसत नसेल, तर लगेच पाक सुरू करा.

एक किलो साखर, एक लिटर पाणी. पाणी उकळा, गॅस बंद करा, मग साखर विरघळवा. साखर करपली तर माश्यांना हगवण लागते. गुळानेही तेच होतं, त्यामुळे "गूळ पौष्टिक" वगैरे इथे चालत नाही. पाक पूर्ण थंड झाल्यावर करवंटीत ओतून पेटीच्या आत ठेवा. वर गवताच्या चार काड्या टाका, नाहीतर सकाळी करवंटीत बुडालेल्या माश्याच सापडतात (मी हे करून बसलोय). एका वेळी साधारण २०० मिली, आठवड्यातून दोनदा.

पाक संध्याकाळीच द्या, सगळ्या पेट्यांना एकाच दिवशी, आणि बाहेर थेंबही सांडू देऊ नका. नाहीतर दांडगी वसाहत दुबळीला लुटते. दार अरुंद ठेवा. माश्या बसत नाहीत ती रिकामी पोळी काढून टाका, तिथेच मेणकिडा (पोळ्याचं मेण खाणारी अळी) शिरतो.

फुलोरा सुरू झाला की पाक बंद. नंतर काढाल तो मध असायला हवा, साखर नव्हे.