स्थलांतरित लोक शहरात एकाच वस्तीत का राहतात, आणि पुढे कुठे जातात?

नवखा माणूस ओळखीच्या दारातच उतरतो, म्हणून. मुंबईचं गिरणगाव, म्हणजे कापड गिरण्यांचा भाग, बघा. रत्नागिरी, साताऱ्याकडचे गडी लालबाग-परळच्या चाळीत आपल्या गावाच्या खोलीवर उतरायचे. भाडं सगळे वाटून देत. दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण मावत, कारण पाळ्या वेगळ्या: रात्रपाळीवाला येईपर्यंत दिवसपाळीवाल्याची वळकटी उचललेली असे. जेवण खानावळीत, नोकरी अनेकदा गाववाल्या जॉबरच्या (गिरणीत माणसं भरणाऱ्या मुकादमाच्या) शब्दावर, बायकापोरं गावी.

पुढे कुटुंब आलं की स्वतंत्र खोली लागे. भाडेनियंत्रणामुळे भाडं गोठलेलं, त्यामुळे दुसरी पिढीही तिथेच टिकली. १९८२ च्या गिरणी संपानंतर रोजगार गेला, पोरांची लग्नं झाली, खोली पुरेना. मग पागडीची खोली (म्हणजे एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेकरूचा हक्क) विकून डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा. लोकलचं स्टेशन आणि परवडणारा दर, दोन्ही जुळले तिथे माणूस थांबला. याला सरसकट प्रगती म्हणणं मला पटत नाही. पागडी हस्तांतरित करताना मालकाचा हिस्सा, बहुधा एकतृतीयांश, जातो. उरलेल्या पैशात परळजवळ घर मिळणं अशक्यच. गणपतीला मात्र ही माणसं जुन्या मंडळात येतात, वर्गणीही तिथेच देतात.