नुसतं पळणं बघून आउटफिल्डर कळत नाही

प्रश्न: मी शाळकरी मुलांना बेसबॉल शिकवते. टीममध्ये १६ वर्षांचा एक मुलगा आहे, सेंटर फील्डला, म्हणजे आउटफिल्डच्या (मैदानाच्या मागच्या भागाच्या) मधोमध खेळतो, उंच आहे पण नुसती काडी. पळतो जबरदस्त, प्रॅक्टिसमध्ये बॉल कुंपणापार मारतो आणि मॅचमध्ये मात्र दोन-तीनदा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद) होऊन परत येतो. घरचे विचारतात याच्यात काही आहे का, मी काय बघून सांगू?

उत्तर: ताई, आधी वहीत त्याच्या नावापुढे दोन रकाने पाडा, 'आज' आणि 'पुढे'. स्काउट लोक, म्हणजे टीमसाठी खेळाडू हेरणारे, पाच गोष्टी बघतात, बॅट नीट लागते का, ताकद, वेग, थ्रो आणि फील्डिंग, आणि प्रत्येकीला २० ते ८० मध्ये मार्क देतात, ५० म्हणजे मेजर लीगमधला (अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला) साधारण खेळाडू. पण मार्क दोन असतात, आत्ताचा वेगळा आणि पुढे किती होईल तो वेगळा. त्यामुळे तुमच्या पोराला आज ३० पडले तरी नाउमेद व्हायचं काही कारण नाही.

काडी आहे म्हणता ते मला उलट बरं वाटलं. खांदे रुंद असतील, हातपाय लांब असतील तर अंगावर अजून मांस भरायचंय आणि ताकद त्याच्याबरोबर येते. जो १६ व्या वर्षीच पूर्ण भरलाय त्याचं आजचं मोठेपण बऱ्याचदा तेवढंच राहतं. आणि उंचीचा फार बाऊ करू नका, मेजर लीगमधला मूकी बेट्स ५ फूट ९ इंच, २०११ च्या ड्राफ्टमध्ये (टीम नवे खेळाडू निवडतात तेव्हा) पाचव्या राउंडला घेतला, तोही इनफिल्डर म्हणून, म्हणजे बेसजवळ खेळणारा, आउटफिल्डला गेला २०१४ मध्ये आणि २०१८ ला एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, झाला.

वेग मोजणं सोपं आहे. ६० यार्ड, म्हणजे जवळपास ५५ मीटर, ६.७ ते ६.९ सेकंदात झालं की प्रो लेवलला साधारण धरतात. पण आउटफिल्डमध्ये सरळ रेषेत कोण पळतं हो? मी एका मुलाला बघितलं होतं, स्टॉपवॉचवर सगळ्यांच्या पुढे. मॅचमध्ये बॉल थेट त्याच्या डोक्यावरून जाणारा आला आणि त्याने पहिलं पाऊल टाकलं पुढे, मग थबकला, मग वळला, तोवर बॉल मागे पडून कुंपणाकडे घरंगळत गेला. त्याच दिवशी दुसऱ्या टीमचा त्याच्याहून हळू मुलगा बॅटचा आवाज आला की मागे सरकायचा, नजर बॉलवर, आणि बॉल पडायच्या जागी आधीच जाऊन उभा. मी त्या दुसऱ्याला घेतलं असतं. म्हणून मॅचमध्ये बॉलकडे बघू नका, बॅटला बॉल लागतो त्या क्षणी तुमच्या मुलाच्या पायांकडे बघा.

थ्रोमध्ये नुसता लांब जातो का हे नको, बॉल सरळ आणि फार उंच न उडता जातो का, कटऑफवाल्याच्या (मध्ये उभा राहून थ्रो पुढे पोचवणाऱ्याच्या) छातीला येतो का ते बघा. हात कमी पडला तर लेफ्ट फील्ड आहेच, राइटला मात्र लांबच्या थर्ड बेसपर्यंत पोचणारा हात लागतो.

आता बॅटिंग, खरी मेख इथेच आहे आणि सगळ्यात जास्त वेळही इथेच द्या. प्रॅक्टिसचा बॉल हळू, एकाच जागी येतो, त्यात कुंपणापार मारला तर हातात ताकद आहे एवढंच कळतं. मॅचमध्ये ताशी ९० मैलांचा फास्टबॉल प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, यायला साधारण ०.४ सेकंद लागतात, तुमच्या लेवलला तेवढा नसला तरी ठरवायला वेळ नसतोच. तर स्ट्राइकआउट कसा होतो ते लिहा. बाहेर वळत जाणाऱ्या बॉलच्या मागे बॅट फिरवतो का? फास्टबॉलला उशीर होतो का? की चांगले बॉल फाउल होतायत (बॅटला लागून रेषेबाहेर जातायत) आणि शेवटी एक चुकतोय? तिसरं असेल तर मला त्याची काळजी नाही. दुसरं असेल तर स्विंग लांब आहे, हात अंगापासून दूर जातायत, ते सुधारतं. पहिलं असेल तर धीर धरा, बॉल ओळखायला शिकणं सगळ्यात हळू येतं, आणि आठवडा-दोन आठवड्यांनी तो त्यातले काही बॉल सोडायला लागला का एवढंच बघत रहा. आणि मेटल बॅट वापरत असाल तर कधीतरी लाकडी हातात द्या, मुठीजवळ लागलेला बॉल मेटलवर निभावून जातो, लाकडावर हात झिणझिणतात आणि खरं काय ते कळतं.

घरच्यांना लगेच हो किंवा नाही सांगू नका, दहा मॅच लिहून काढा, ती वही त्यांच्यासमोर ठेवा आणि दोन्ही रकाने वाचून दाखवा. फक्त थ्रोची परीक्षा रोज घेऊ नका, वाढतं वय आहे, कोपर किंवा खांदा दुखतोय म्हणाला तर त्या दिवशी थ्रो बंद आणि दुखणं टिकलं तर डॉक्टरकडे.